आधी घट्ट, मग सपाट

ठाण्यातला एकही नीट बांधलेला रस्ता सपाट नाही, आणि तसा तो नसावाच. पावसाळ्यात कोसळणारं पाणी रस्त्यावर थांबलं तर डांबर टिकत नाही, म्हणून रस्त्याला मधून कडेकडे ढाळ देतात. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेच्या संकेतांप्रमाणे जास्त पावसाच्या भागात काँक्रीटच्या किंवा जाड डांबरी रस्त्याला हा ढाळ २ टक्के असतो, पातळ डांबरी थराला २.५ टक्के, खडीच्या रस्त्याला ३ टक्के. २ टक्के म्हणजे दर मीटरला २ सेंटिमीटर. चालताना ते पायाला कळत नाही. पण घोडबंदर रोडच्या सर्व्हिस रोडला, कडेला कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, उभी करा आणि आतल्या ओट्यावर एक गोटी सोडा. ती फुटपाथच्या बाजूला घरंगळत जाते. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर १६५ सेंटिमीटर धरलं, तर कडेची चाकं ३.३ सेंटिमीटर खाली असतात. सर्वांत चांगल्या रस्त्याची ही स्थिती, तर शहापूर-मुरबाडकडच्या माळावर काय असेल याचा अंदाज घरीच घेऊन निघावं.

तीन सेंटिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. आडव्या दिशेने तेवढा कल असला की झोपेत अंग उताराकडच्या भिंतीला जाऊन टेकतं आणि सकाळी कंबर धरते. तव्यावर तेल एका कडेला जमतं, सिंकमधलं शेवटचं भांडंभर पाणी जाळीकडे जातच नाही, सरकता दरवाजा अर्ध्यावर थांबत नाही, खण आपोआप उघडतात. पाण्याच्या टाकीत पंपाची नळी ज्या कोपऱ्यात आहे तो कोपरा वर राहिला, तर टाकीत दहा लिटर शिल्लक असताना पंप हवा ओढायला लागतो.

फ्रिजबद्दल मात्र उगाच घाबरवलं जातं. आपल्याकडच्या बहुतेक व्हॅनमध्ये १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज असतो, त्याला एवढ्या कलाचं काही वाटत नाही. गॅसवर चालणारा, अमोनियाचा फ्रिज असेल तर गोष्ट वेगळी. त्यात पंप नसतो, द्रव गुरुत्वाकर्षणाने खाली परततो. कल जास्त झाला की तो एका वळणावर साचतो, तापणारा भाग कोरडा पडतो आणि आत कायमची खपली धरते. अशा फ्रिजच्या पुस्तिकेत आडवा साधारण ३ अंश आणि उभा ६ अंश अशी मर्यादा दिलेली असते. ती बघून घ्यावी.

गाडी समतल करायची म्हणजे चाकाखाली फळ्या घालायच्या, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. फळ्या हा शेवटचा भाग आहे. जमीन पेलणारी आहे का, आणि गाडीचं तोंड कुठे करायचं, या दोन गोष्टी आधी ठरल्या तर निम्म्या वेळा फळ्या बाहेर काढाव्याही लागत नाहीत. संध्याकाळी गाडी बरोबर समतल करून झोपलेली माणसं पहाटे एका कडेला का घसरलेली असतात? मोजमाप चुकलेलं नसतं, रात्रीत जमीन दबलेली असते. म्हणून सपाट पण भुसभुशीत जागा आणि थोडी कललेली पण टणक जागा यांत निवड करायची वेळ आली, तर मी कललेली टणक जागा घेईन.

याचा हिशेब सोपा आहे. टायरमध्ये ६० पीएसआय हवा असेल तर ते जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ४.२ किलो दाब देतं. पाणी, बॅटऱ्या, सामान धरून चार टनांची गाडी असेल तर एका कोपऱ्यावर अंदाजे एक टन. म्हणजे पुढच्या एका टायरचा सगळा भार १५ बाय १६ सेंटिमीटरच्या जागेवर येतो. वाळलेला, धुमसलेला मुरूम हे सहज सोसतो. ओली माती सोसत नाही. टायरखाली ३० बाय ६० सेंटिमीटरचा प्लायचा तुकडा घातला की तोच भार १८०० चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब पाऊण किलोच्याही खाली येतो. कागदावर, अर्थात. प्रत्यक्षात प्लाय मध्ये वाकतो आणि कडांपर्यंत भार पुरा पोचत नाही, म्हणून तळाचा तुकडा १८ मिलिमीटरपेक्षा पातळ घेऊ नये.

जमीन तपासायला १२ मिलिमीटरची एक मीटरभर सळई पुरते. जिथे चाकं येणार त्या चारही जागी ती सरळ उभी धरून अंगाचा भार देऊन दाबायची. बोटभर जाऊन अडली तर ठीक. वीतभर सहज गेली तर ती जागा सोडायची. चारही ठिकाणी सारखी जाते का, हे जास्त महत्त्वाचं. चारही चाकं सारखी दबली तर गाडी समतलच राहते. एकच दबलं तर सगळं बिघडतं. नव्याने रुंद केलेल्या रस्त्याच्या कडा अशाच दगा देतात: डांबराकडचं चाक पक्क्यावर, बाहेरचं चाक महिन्यापूर्वी टाकलेल्या भरावावर.

नवी मुंबईत याकडे खास लक्ष द्यावं लागतं. १९७० साली सिडको स्थापन झाल्यानंतर उभ्या राहिलेल्या या शहराचा बराचसा सपाट भाग खाडीकाठच्या दलदलीवर भराव टाकून केलेला आहे. मोकळे भूखंड दिसायला टेबलासारखे असतात. वरचा मुरमाचा थर उन्हाळ्यात दगडासारखा वाजतो, खाली मात्र खाडीची मऊ चिकणमाती असते. पावसाळ्यात त्या थराला कुठे भेग असेल तर चाक तिथे उतरतं. सळई वरच्या थरातून गेल्यावर एकदम मोकळी झाली, तर हेच समजायचं. कांदळवनाच्या बाजूला तर गाडी नेऊच नये. ते संरक्षित आहे, आणि भरतीचं पाणी कुठवर येतं हे रात्री कळत नाही. तसंच येऊरचं जंगल घराजवळ वाटलं, तरी ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतं. मुक्कामाची जागा म्हणून ते मनातूनच काढून टाकावं.

जिल्ह्याच्या आतल्या भागात सपाट जागा शोधणाऱ्याला भाताच्या खाचराइतकं सपाट दुसरं काही मिळणार नाही. लावणीच्या आधी चिखलणी करून, वर फळी फिरवून शेतकऱ्याने ते पाण्याच्या पातळीने समतल केलेलं असतं. पाणी सगळीकडे सारख्या खोलीचं उभं राहिलं नाही तर रोपं एका कडेला बुडतात, दुसऱ्या कडेला सुकतात. इतकी काळजीपूर्वक सारखी केलेली जमीन विकतच्या पार्किंगलाही मिळत नाही. पण तिच्या अटी आहेत. मालकाला विचारल्याशिवाय चाक आत घालायचं नाही. कापणीनंतर ओल आटेपर्यंत थांबायचं, आणि वरची भेगाळलेली पापडी बघून फसायचं नाही, खाली लोण्यासारखा चिखल असू शकतो. खाचरात वाल पेरलेला असेल तर विचारायचंही नाही, तिथून निघायचं. बांधावरून गाडी उतरवून बांध फोडला, तर पुढच्या पावसात त्या माणसाचं पाणी वाहून जातं. चढउतारासाठी बैलगाडीची किंवा ट्रॅक्टरची वाट असेल तरच आत जावं. भातसा किंवा बारवी धरणाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात दिसणारी गोट्यांची सपाटी मात्र कधीच घेऊ नये. धरणातून पाणी सुटलं तर गाडी काढायलाही वेळ मिळत नाही.

आता गाडीचं तोंड. उतार तोच असला तरी तो गाडीच्या आडवा घेतला की चाकाखाली कमी उंची लागते, उभा घेतला की जास्त. फोर्स ट्रॅव्हलर ३३५० या नावातला आकडा म्हणजे तिच्या पुढच्या-मागच्या एक्सलमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. २ टक्के उतारावर ती आडवी लावली तर खालच्या बाजूच्या दोन्ही चाकांना ३.३ सेंटिमीटर पुरतं. उभी लावली तर ६.७ लागतं. म्हणून आडवी लावावी, असं कुणी म्हणेल. पण झोपायची जागा लांबीत असेल तर मी उलट सांगेन: गाडी उताराच्या रेषेत उभी करा, उशाकडचं टोक चढाला ठेवा, आणि लांबीतला कल तसाच राहू द्या. डोकं थोडं वर असेल तर माणूस शांत झोपतो. पाय वर आणि डोकं खाली असेल तर तासाभरात जाग येते. आडव्या दिशेचा कल मात्र काढलाच पाहिजे. बिछाना रुंदीत असेल तर हेच सगळं उलटं. असं तोंड फिरवल्याने दोन दिशांचा प्रश्न एका दिशेवर येतो, आणि त्यासाठी स्टिअरिंग फिरवण्यापलीकडे काही करावं लागत नाही.

उताराची रेषा डोळ्याने ओळखताना डोंगर फसवतो. आजूबाजूला मोठा चढ असला की मधली जमीन उलट्या दिशेला कललेली भासते. बाटलीतलं थोडं पाणी जमिनीवर ओतून ते कुठे धावतं ते बघावं.

मोजायला गवंड्याची पाणसळ घ्यावी, ६० सेंटिमीटरची. मोबाइलवरचं लेव्हलचं अॅप चालतं, पण बहुतेक फोनच्या पाठीला कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि फोन त्यावर डुलतो. फोन वापरायचाच असेल तर त्याची कड टेकवावी. पाणसळ असो वा फोन, आधी तिची परीक्षा घ्यावी: एका जागी ठेवून वाचायचं, मग तिथेच टोकं अदलाबदल करून परत वाचायचं. बुडबुडा दोन्ही वेळा जमिनीच्या एकाच बाजूला, तेवढाच सरकला पाहिजे. नाही सरकला तर खोट पाणसळीत आहे. ती ठेवायची जागाही एकच ठरवून घ्यावी, शक्यतो बिछान्याची फळी. डॅशबोर्ड किंवा दरवाजाची चौकट गाडीच्या तळाशी समांतर असतेच असं नाही.

बुडबुडा कल सांगतो, सेंटिमीटर सांगत नाही. ते काढायची मिस्त्री लोकांची रीत इथे तशीच चालते. पाणसळ गाडीच्या रुंदीत ठेवायची. तिच्या खालच्या टोकाखाली प्लायचे, पुठ्ठ्याचे तुकडे सरकवत जायचं. पहिला तुकडा घातला की बुडबुडा रेघेच्या बाहेरून आत येतो, दुसरा घातला की जरा पुढे जातो, एक पुठ्ठा काढला की दोन रेघांच्या मधोमध थांबतो. आता त्या थप्पीची जाडी मोजायची. १२ मिलिमीटर भरली, तर १२ गुणिले १६५ भागिले ६०, म्हणजे ३३ मिलिमीटर. तेवढं खालच्या बाजूच्या चाकांना द्यायचं. लांबीतही तसंच, फक्त १६५च्या जागी ३३५. हे आकडे आपल्या गाडीचे एकदा टेपने मोजून दाराच्या आत लिहून ठेवावेत.

गाडी जागेवर आणायच्या आधीच उंची हवी असेल तर पाण्याची नळी हे अजून सरळ साधन आहे. बोटभर जाडीची पाच-सहा मीटर पारदर्शक नळी, त्यात रंग टाकलेलं पाणी. एकाने एका चाकाच्या जागी टोक धरायचं, दुसऱ्याने दुसऱ्या. दोघांनी जमिनीपासून पाण्याच्या पातळीपर्यंत मोजलं की दोन आकड्यांतला फरक हाच त्या दोन जागांतला फरक. नळीत हवेचा फुगा अडकला तर आकडा चुकतो, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय ना ते पाहावं.

दोन्ही दिशांना कल असेल तर बेरीज करायची. डावी बाजू ४ सेंटिमीटर खाली, पुढची बाजू ६ खाली: मग मागचं उजवं चाक शून्य, मागचं डावं ४, पुढचं उजवं ६, पुढचं डावं १०. नुसतं सर्वांत खालचं एकच चाक उचलून भागेल असं वाटतं. भागत नाही. एका चाकाखाली ४ सेंटिमीटर घातले तर बाकीच्या स्प्रिंगा तो भार वाटून घेतात आणि गाडीचा आडवा कल साधारण निम्माच सुधारतो. उरलेलं सगळं चासीला पीळ देण्यात जातं. सरकता दरवाजा अचानक घट्ट लागायला लागला, कपाटाचं दार चौकटीला घासायला लागलं, तर गाडी पिळलेली आहे. म्हणून आडव्या कलासाठी एकाच बाजूची पुढची आणि मागची, उभ्या कलासाठी एकाच एक्सलची दोन्ही, अशी चाकं जोडीनेच उचलायची. मागे जोडचाकं असतील तर फळी दोन्ही टायर पुरे बसतील एवढी रुंद हवी. एकच टायर फळीवर आणि दुसरा हवेत, म्हणजे एका टायरवर दुप्पट भार.

बाजारात तीन पायऱ्यांचे प्लॅस्टिकचे रॅम्प मिळतात. त्यावर जोडीचा भार किती टन लिहिला आहे ते बघून घ्यावेत, आणि ते टणक जमिनीवरच वापरावेत. मला लाकूड जास्त भरवशाचं वाटतं. वखारीतून २५ सेंटिमीटर रुंद आणि ४० मिलिमीटर जाडीच्या फळ्या कापून घ्याव्यात: ८५, ६० आणि ३५ सेंटिमीटर लांबीच्या. एकावर एक ठेवल्या की ४, ८, १२ सेंटिमीटरच्या पायऱ्या होतात. पुढची कड ४५ अंशांत तासून घ्यावी. पायरी २५ सेंटिमीटरची ठेवायची, कारण मग टायर खालच्या पायरीवर पुरता बसतो आणि नंतरच पुढच्या कडेला भिडतो. सोबत १२ आणि १८ मिलिमीटर प्लायचे काही तुकडे असले की बारीक फरकही भरता येतो. वीट कधीही नको. ती वाकत नाही, एकदम फुटते. हलके सिमेंटचे ब्लॉकही त्याच कारणाने नकोत. गाठी असलेली किंवा उभी भेग गेलेली फळी वखारीतच बाजूला ठेवावी.

फळ्या लावताना एक चूक फार होते. पुढच्या चाकासाठी १० सेंटिमीटरची थप्पी आणि मागच्यासाठी ४ची, दोन्ही चाकांना टेकवून ठेवतात. मग मागचं चाक फळीच्या टोकावरून उतरतं तेव्हा पुढचं वर पोचलेलंच नसतं. दोन्ही चाकं सारखंच अंतर जाणार आहेत, म्हणून वरच्या सपाट भागाचा मध्य प्रत्येक चाकापासून सारख्या अंतरावर हवा. टेपने ७०-८० सेंटिमीटर मोजून खडूने खूण करावी आणि त्यावर थप्पी ठेवावी. अंतर जुळलं की पहिला गिअर, क्लचवर हळूहळू, लांबून धाव न घेता. वेग घेतला तर न ओढणारं चाक फळीला पुढे ढकलतं आणि ओढणारं चाक तिला मागे फेकतं. त्या फेकलेल्या फळीने पायाचं हाड मोडू शकतं. खुणा करणारा माणूस गाडीच्या बाजूला, दोन हात दूर उभा राहावा, पुढे किंवा मागे कधीच नाही. फळीच्या तळाला जुन्या ट्यूबचा रबर ठोकला की ती घसरायचं बरंच कमी होतं.

वर पोचल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, आणि जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी. त्यानंतर पायातला ब्रेक सावकाश सोडायचा. चढताना स्प्रिंगांना ताण बसलेला असतो, तो सुटला की गाडी जरा हलून बसते. बुडबुडा त्यानंतरच बघायचा, आणि टाकीत पाणी भरून, माणसं आपापल्या जागी बसवून. १०० लिटरची टाकी एका बाजूला असेल तर ते एका बाजूला बसवलेलं शंभर किलो वजन आहे. १६५ सेंटिमीटर रुंदीत एक अंश म्हणजे २.९ सेंटिमीटर. अर्ध्या अंशाच्या आत आलं की थांबावं. त्यापुढे खटाटोप केला तर पाणसळीला फरक दिसतो, पाठीला नाही. बाथरूमचा निचरा ज्या बाजूला आहे ती बाजू नेमकी वर राहिली नाही ना, एवढं मात्र बघून घ्यावं.

गाडी चढवायला पुढे जागाच नसेल तर जॅकने चाक उचलून खाली फळी सरकवता येते, पण जॅक फक्त सरकवण्यापुरता. जॅकखाली जाड फळी हवी, बाकीच्या चाकांना पाचरी हव्यात, आणि अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली जाता कामा नये. मागचं चाक उचलताना दुप्पट जपावं. बहुतेक व्हॅनचा हँडब्रेक मागच्याच चाकांवर असतो, त्यातलं एक हवेत गेलं की धरायला एकच उरतं. आणि मागची चाकं ओढणारी गाडी असेल तर गिअरवर विसंबता येत नाही: डिफरन्शियल, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारी गिअरची रचना, उचललेलं चाक मोकळं फिरू देतं. चाक फळीवर टेकलं की जॅक काढून घ्यायचा. जॅकवर उभ्या गाडीत झोपायचं नाही.

गाडीच्या कोपऱ्यांतून जमिनीवर सोडायचे टेकू हे डुलणं थांबवायला असतात, गाडी उचलायला नसतात. हाताने टेकेपर्यंत फिरवायचे, मग अर्धा फेरा. जास्त आवळले तर चासीचा कोपरा वर ढकलला जातो आणि मघाचा पीळ परत येतो. टेकूच्या पावलाखालीही फळीचा तुकडा हवाच.

पावसाच्या दिवसांत झोपण्यापूर्वी टॉर्च घेऊन एक फेरी मारावी. प्रत्येक फळीच्या कडेला, जमिनीलगत खडूची रेघ ओढून ठेवायची. रात्री सर आली तर परत बघायचं. एखादी रेघ मातीत गेली असेल तर त्या कोपऱ्याखालची जमीन हलली आहे, आणि उजाडायची वाट बघण्यापेक्षा तेव्हाच गाडी टणक जागी घ्यावी. पहाटेपर्यंत तेच चाक आणखी रुतलेलं असतं आणि तेव्हा ट्रॅक्टर शोधावा लागतो. गाडीबाहेर ताणलेल्या कापडी छताचा एक पाय दुसऱ्यापेक्षा वीतभर खाली ठेवावा, म्हणजे कापडात पाणी साठून ते फाटत नाही.

निघताना क्रम उलटा: आधी टेकू वर, मग दाराची पायरी आत, मग पाचरी, आणि गाडी आली त्याच वाटेने फळ्यांवरून मागे. ओल्या फळ्या गाडीच्या पोटात तशाच कोंबू नयेत. बुरशी धरते, आणि ठाण्याच्या दमट हवेत वाळवी लागायला वेळ लागत नाही. घरी आल्यावर चिखल धुऊन, सावलीत उभ्या करून वाळवाव्यात आणि वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, कापलेल्या टोकांना जवसाचं तेल दोनदा पाजावं. पाणी सगळ्यात जास्त तिथूनच शिरतं.